लॅबिरिंथ कसा आखावा आणि कसा चालावा

लॅबिरिंथ म्हणजे जमिनीवर रेघांनी आखलेली, ध्यानासाठी चालायची वळणदार वाट. तिच्यात चुकण्याची सोयच नाही. वाट एकच, तिला फाटे नाहीत. ती वळत वळत मध्यापर्यंत जाते आणि तिनेच परत यायचे. तरीही लोक चुकतात, आणि बहुतेक वेळा दोनच ठिकाणी. आखताना कमानी भलत्या टोकांना जोडल्या जातात. चालताना मध्य गाठला की काम संपले असे वाटून रेघा ओलांडून सरळ बाहेर पडले जाते.

खाली सात फेरांच्या, म्हणजे मध्याभोवती सात पट्ट्यांनी फिरणाऱ्या, अभिजात लॅबिरिंथची आखणी आणि त्यातली चाल क्रमाने दिली आहे. क्रम मोडू नका. ठरवायचे ते सगळे प्रवेशापूर्वी ठरवून टाकायचे, हा यामागचा हिशेब. वाटेवर डोक्याला निवड करायचे काम उरले की लक्ष पावलांवरून सुटते.

आधी एक गैरसमज. भुलभुलैयात अनेक वाटा असतात, काही बंद असतात आणि रस्ता शोधावा लागतो. लॅबिरिंथ म्हणजे भुलभुलैया नव्हे. ‘चक्रव्यूह’ म्हटले की अभिमन्यू आठवतो आणि आत गेलो तर बाहेर कसे पडायचे, ही धास्ती नकळत सोबत येते. इथे ती अनाठायी आहे.

## टप्पा १: जागा आणि माप

सगळे माप एका आकड्यावर ठरते: वाटेची रुंदी, म्हणजे एका रेघेच्या मध्यापासून शेजारच्या रेघेच्या मध्यापर्यंतचे अंतर. या रचनेत एकूण रुंदी त्याच्या १५ पट आणि खोली साडेतेरा पट येते. वाटेची एका बाजूची, म्हणजे प्रवेशापासून मध्यापर्यंतची, लांबी सुमारे १५५ पट, तर आखायच्या रेघांची एकूण लांबी सुमारे १८० पट.

वाट ६० सेंमी धरली तर:

- आकृती ९ मीटर रुंद आणि ८.१ मीटर खोल
- चालायचे अंतर एका बाजूला सुमारे ९३ मीटर
- रेघा सुमारे १०८ मीटर

चारही बाजूंना निदान एक मीटर मोकळे सोडा. भिंतीला खेटून आखलेल्या लॅबिरिंथमध्ये बाहेरच्या फेरावर खांदा आक्रसतो आणि चाल बिघडते.

५० सेंमीपेक्षा अरुंद वाट नको. पावले एका रेषेत टाकावी लागतात, तोल सांभाळण्यातच लक्ष जाते. व्हीलचेअर किंवा वॉकर वापरणाऱ्यांसाठी किमान ९० सेंमी धरा. मग आकृतीच साडेतेरा मीटर रुंद होते आणि मोकळ्या कडांसह साडेपंधरा मीटरची जागा लागते.

रेघेला दगड लावणार असाल तर दगडाची जाडी वाटेतून वजा होते. ६० सेंमीच्या आखणीत १५ सेंमीचे दगड ठेवले की पायाला ४५ सेंमीच उरतात. अशा वेळी आखणीच ७५ सेंमीची करा.

जागा लहान असेल तर सात फेर दाटीवाटीने कोंबू नका, तीन फेरांचा करा. त्याच्या बीजाकृतीत, म्हणजे जिची टोके कमानींनी जोडायची त्या सुरुवातीच्या आकृतीत, फक्त एक ‘अधिक’ (+) आणि चार ठिपके असतात, कोन नसतात. ५० सेंमीच्या वाटेने तो साडेतीन मीटर रुंदीत बसतो. वाट मात्र सतरा मीटरच्या आसपासच भरते, त्यामुळे एका बैठकीत तीन-चार वेळा आत-बाहेर करावे लागते.

फ्रान्समधल्या शार्त्र कॅथीड्रलच्या फरशीवरचा अकरा फेरांचा लॅबिरिंथ पाहून पुष्कळांना तोच हवासा वाटतो. त्याचा व्यास जवळजवळ १३ मीटर आहे आणि एका बाजूची वाट सुमारे २६० मीटर. पहिल्या प्रयत्नाला तो घेऊ नका. वळणे चारही चतुर्थांशांत विखुरलेली असतात आणि एक जरी सरकले तरी वाट बंद होते.

## टप्पा २: बीजाकृती

हा भाग आधी कागदावर करा, मग जमिनीवर. इथून पुढची मापे ६० सेंमीच्या वाटेची आहेत. प्रवेश तुमच्या बाजूला आहे असे धरू. ‘वर’ म्हणजे तुमच्यापासून दूर, ‘खाली’ म्हणजे जवळ.

१. आकृतीची समोरची कड ठरवा. तिच्यापासून २.४ मीटर आत, डाव्या कडेपासून ४.२ मीटर आणि उजव्या कडेपासून ४.८ मीटरवर एक खूण करा. हा अधिकचा मध्य. तो बरोबर मधोमध येत नाही आणि यायलाही नको. आकृती मुळात उजवीकडे थोडी जास्त पसरते.

२. या खुणेतून २४० सेंमी लांबीच्या दोन रेघा काटकोनात काढा. झाला अधिक.

३. अधिकच्या चारही टोकांतून जाणारा २४० सेंमी बाजूचा चौरस कल्पून त्याच्या चार कोपऱ्यांवर ठिपके द्या.

४. प्रत्येक चतुर्थांशात एक कोन काढा. कोनाचे टोक अधिकच्या दोन्ही रेघांपासून ६० सेंमीवर असते. त्याच्या दोन भुजा, प्रत्येकी ६० सेंमी, अधिकच्या रेघांना समांतर बाहेर जातात आणि चौरसाच्या कडेवर संपतात.

तपासा: चौरसाचे दोन्ही कर्ण सारखे आणि ३३९ सेंमीच्या आसपास हवेत. चार-पाच सेंमीचा फरक दिसला तर इथेच दुरुस्त करा. बाहेरच्या फेरावर तो वाढून बसतो.

सर्रास होणारी चूक: कोन उलटा काढणे. त्याचे टोक अधिकच्या मध्याकडे असते, ठिपक्याकडे नव्हे. ठिपका कोनाच्या उघड्या कुशीत बसला पाहिजे.

## टप्पा ३: टोके जोडण्याचा क्रम

बीजाकृतीत आता १६ मोकळी टोके आहेत: अधिकची ४, कोनांची ८ आणि ठिपके ४. आठ कमानींनी ती दोन-दोन करून जोडायची. सगळ्या कमानी वरून वळसा घालतात.

१. अधिकचे वरचे टोक → उजवीकडच्या वरच्या कोनाचे वरचे टोक
२. डावीकडच्या वरच्या कोनाचे वरचे टोक → उजवा वरचा ठिपका
३. डावा वरचा ठिपका → उजव्या वरच्या कोनाचे बाजूचे टोक
४. डाव्या वरच्या कोनाचे बाजूचे टोक → अधिकचे उजवे टोक
५. अधिकचे डावे टोक → उजव्या खालच्या कोनाचे बाजूचे टोक
६. डाव्या खालच्या कोनाचे बाजूचे टोक → उजवा खालचा ठिपका
७. डावा खालचा ठिपका → उजव्या खालच्या कोनाचे खालचे टोक
८. डाव्या खालच्या कोनाचे खालचे टोक → अधिकचे खालचे टोक

पाठ करायची गरज नाही. पहिली कमान झाली की डावीकडचे पुढचे मोकळे टोक उजवीकडच्या पुढच्या मोकळ्या टोकाला, एवढेच करत खाली उतरायचे.

पहिली कमान उजवीऐवजी डावीकडच्या कोनाला जोडली तरी चालते. आकृती आरशातली होते. मात्र मग उरलेल्या सातही उलट बाजूने जोडाव्या लागतात. घात होतो तो अर्ध्यावर बाजू बदलल्याने. अशा आकृतीत एखादा फेर स्वतःतच फिरत राहतो किंवा वाट मध्ये भिंतीला जाऊन थडकते.

तपासा: आठव्या कमानीनंतर एकही टोक मोकळे उरता कामा नये. उरले असेल तर तुम्ही कुठेतरी टोक गाळले आहे. शेवटची कमान ओढूनताणून जुळवू नका, गाळलेले टोक शोधा.

## टप्पा ४: जमिनीवर कमानी

नजरेने काढलेल्या कमानी दूरून छान दिसतात, पण चालताना वाट कुठे ४० सेंमी होते तर कुठे ८०. खुंटी आणि दोर वापरा. सुतळी ताणली की लांबते, म्हणून मापाची टेप किंवा न ताणणारी तार घ्या.

मुख्य खुंटी: अधिकच्या वरच्या टोकापासून ३० सेंमी उजवीकडे, चौरसाच्या वरच्या कडेवर. इथून वरच्या आठही अर्धवर्तुळांची त्रिज्या अशी: ३०, ९०, १५०, २१०, २७०, ३३०, ३९०, ४५० सेंमी.

डावा वरचा ठिपका: इथे खुंटी हलवा आणि चौथ्यापासून आठव्या कमानीपर्यंत डावीकडचे पाव वर्तुळ पुरे करा. त्रिज्या ६०, १२०, १८०, २४०, ३००.

उजवा वरचा ठिपका: तिसऱ्यापासून आठव्या कमानीपर्यंत उजवीकडचे पाव वर्तुळ. त्रिज्या ६०, १२०, १८०, २४०, ३००, ३६०.

खालचे ठिपके: तीन छोटे तुकडे उरतात. डाव्या खालच्या ठिपक्यावरून ६० सेंमीने आठवी कमान कोनाच्या खालच्या टोकाला आणा. उजव्या खालच्या ठिपक्यावरून सातवी ६० सेंमीने कोनाला आणि आठवी १२० सेंमीने अधिकच्या खालच्या टोकाला मिळवा.

आठव्या कमानीची दोन टोके जिथे समोरासमोर येतात, तिथली फट म्हणजे प्रवेश. तो अधिकच्या खालच्या रेघेला लागून डावीकडे असतो.

मोकळ्या मैदानावर फक्की चालते. फरशीवर खडू किंवा मास्किंग टेप. टेप कमानीवर सरळ ओढली की सुटते, म्हणून १५-२० सेंमीचे तुकडे लावा. आतल्या दोन कमानींना त्याहून लहान. ओल्या गवतावर दोर पसरणे टाळा. पाय अडकतो.

तपासा, आणि हे टाळू नकाच: ध्यानाचा विचार बाजूला ठेवून एकदा साध्या चालीने पूर्ण वाट चालून पाहा. बाहेरच्या फेराला १ आणि आतल्याला ७ म्हटले तर फेर या क्रमाने यायला हवेत: ३, २, १, ४, ७, ६, ५, मग मध्य. वेगळा क्रम आला तर कमान चुकली आहे.

## टप्पा ५: चालण्यापूर्वी

इथे घाई केली तर पुढची वीस मिनिटे वाया जातात.

वेळ. सावकाश चालीने एका बाजूला चार-पाच मिनिटे लागतात. तरी अर्धा तास मोकळा ठेवा आणि फोन बाहेर ठेवा. खिशात बंद करून ठेवलेला फोनही हाताला आठवत राहतो. वेळ मोजायचीच असेल तर गजर बाहेर लावून ठेवा.

पाय. जमीन स्वच्छ असेल तर अनवाणी चाला. नसेल तर पातळ तळव्याची, न सरकणारी पादत्राणे. नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर नको, वळणावर घसरतात.

कशासह आत जायचे, ते एकच ठरवा. श्वास, एखादे नाम, प्रार्थनेची एक ओळ, एक प्रश्न, किंवा काहीच नाही. पाचही चालतात, दोन एकत्र चालत नाहीत. प्रश्न घेतलात तर होय-नाहीचा नको. ‘नोकरी सोडू का?’ घेऊन गेलात तर प्रत्येक वळणावर कौल मागितला जातो. ‘या कामात मला काय जड होते आहे?’ हा चालण्यासारखा प्रश्न.

प्रदक्षिणेचा नियम इथे लावू नका. ‘उलट्या दिशेने फिरलो’ म्हणून काहीजण अस्वस्थ होतात. या आकृतीत आत जाताना ३, १, ७ आणि ५ हे फेर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने होतात, तर २, ४ आणि ६ विरुद्ध दिशेने. परतताना सगळे उलटे. दिशा बदलत राहणे हा रचनेचाच भाग आहे.

सावधान: चक्कर येण्याचा किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर एकट्याने चालू नका, वळणावर थांबा आणि डोळे मिटू नका. मन फार बिथरलेले असताना एकांतातला लॅबिरिंथ उपयोगी पडेलच असे नाही. अशा दिवशी सोबत कोणी असू द्या, किंवा साधे चालायला जा.

## टप्पा ६: आत जाताना

१. प्रवेशाबाहेर उभे राहा. तीन-चार श्वास सरळ होऊ द्या. ठरवलेले नाम किंवा प्रश्न एकदाच मनात म्हणा.

२. नेहमीपेक्षा थोडे हळू चाला, इतकेच. नाटकी संथपणा नको. पाऊल हवेत लोंबकळू लागले की तोल जातो आणि ध्यान त्या पावलाचेच होते.

३. नजर दीड-दोन मीटर पुढे, वाटेवर. पायाकडे पाहत चालले तर मान आखडते, मध्याकडे पाहत चालले तर मन पळते.

४. श्वास पावलांना जखडू नका. काही फेरांनंतर दोघांचे आपोआप जुळते. न जुळले तरी चालेल.

५. वळणावर वेग थोडा कमी करा. १८० अंशाचे वळण दोन-तीन छोट्या पावलांत घ्या, टाचेवर गर्रकन फिरू नका.

दोन जागा फसव्या आहेत. पहिली अगदी सुरुवातीला: तुम्ही तिसऱ्या फेरात शिरता, मग दुसऱ्यात, मग थेट बाहेरच्या पहिल्या फेरात जाता. आत जाण्याऐवजी बाहेर चाललो आहोत असे वाटते. दुसरी सातव्या फेरावर: मध्य हाताच्या अंतरावर, मध्ये एकच रेघ, आणि वाट पुन्हा दूर नेते. लोक रेघ ओलांडतात ती बहुतेक इथेच. दोन्ही जागा आधी माहीत असल्या तर पाय अडखळत नाही. मात्र तिथे होणारी चिडचिड दाबू नका. अशी चिडचिड नजरेस पडावी, याचसाठी माणसे लॅबिरिंथ चालतात.

मन भटकले तर मागे जाऊन तो फेर पुन्हा चालायचा नाही. पुढचे पाऊल जमिनीला टेकताना तळव्याला काय लागते, एवढे पाहा आणि चालत राहा. थांबावेसे वाटले तर थांबा. तोंड ज्या दिशेला होते त्याच दिशेला राहू द्या. थांबून इकडेतिकडे वळलेला माणूस पुन्हा निघताना भलतीकडे निघतो आणि काही वेळाने प्रवेशाशीच येऊन ठेपतो.

## टप्पा ७: मध्यात

या रचनेतला मध्य वाटेइतकाच रुंद असतो, त्यामुळे उभे राहा. टेकायचेच असेल तर आखणीच मोठी घ्यावी लागते. शार्त्रच्या रचनेत मध्याला सहा पाकळ्या आहेत आणि तिथे बऱ्यापैकी ऐसपैस जागा असते.

किती वेळ थांबायचे? निदान दहा श्वास. वरची मर्यादा नाही, पण मागे कोणी असेल तर भान ठेवा. प्रश्न आणला असेल तर इथे तो पुन्हा विचारू नका. उत्तर ओढून काढायचा प्रयत्न इथेच सर्वांत जास्त होतो आणि हाती लागते ते आधीच ठरवून आणलेले उत्तर. काही जाणवले नाही तर तसेच निघा.

## टप्पा ८: परत येताना

रेघा ओलांडून सरळ बाहेर पडू नका. परतीची वाट म्हणजे उरलेला अर्धा भाग, ‘सुटी’ नव्हे.

मध्यातून निघताना शरीर प्रवेशाच्या वाटेकडे वळवा आणि एक श्वास थांबून पहिले पाऊल टाका. परतताना वेग आपोआप वाढतो. तो थोडा वाढू द्या, पळू देऊ नका. सोपी खूण सांगायची तर परतीला आत जाण्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागला असेल, तर तुम्ही मध्यातच बाहेर पडला होतात.

बाहेर आल्यावर लगेच बोलू नका, फोन उचलू नका. पाच मिनिटे बसा. दोन-तीन ओळी लिहून ठेवायच्या असतील तर घडले ते लिहा: कुठे घाई झाली, कुठे थांबावेसे वाटले, कोणत्या वळणाला काय आठवले. अर्थ लावायचा तो दुसऱ्या दिवशी.

## अनेकजण चालत असतील तर

९३ मीटरच्या वाटेवर एका वेळी पाच-सहाजण पुरे. दोघांच्या प्रवेशात निदान एक मिनिट अंतर ठेवा.

आत जाणारा आणि बाहेर येणारा समोरासमोर येतातच. कोणी बाजू द्यायची ते आधी सांगून ठेवा. बाहेर येणाऱ्याने द्यावी हे सोपे पडते, कारण त्याला वाटेची सवय झालेली असते. बाजू देताना एक पाय आपल्याच वाटेत ठेवा आणि खांदे वळवू नका. दोन्ही पाय शेजारच्या फेरात गेले की माणूस तिथूनच पुढे चालू लागतो.

मागून कोणी जलद येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या. बोलणे, हात जोडणे, हसून दाद देणे यांतले काहीच लागत नाही. नजर न मिळवणे इथे उद्धटपणा ठरत नाही, हेही सगळ्यांना आधी सांगा. नाहीतर निम्मे लोक एकमेकांना ओशाळून हसण्यातच फेर संपवतात.

## चालणे शक्य नसेल तर

हीच आकृती कागदावर काढा. वाट बोटाच्या रुंदीची, म्हणजे सुमारे दीड सेंमी ठेवली तर आकृती साडेबावीस सेंमी रुंद होते. आडवा ए-फोर कागद त्यासाठी पुरतो. उभ्या कागदावर ती बसत नाही. उभाच हवा असेल तर वाट १.३ सेंमी करा.

बोट त्या हाताचे वापरा ज्याने तुम्ही लिहीत नाही. लिहिता हात सवयीने पुढे धावतो, दुसरा सावकाश जातो. रेघा उठावदार हव्या असतील तर त्यांवर गोंदाची बारीक धार सोडा आणि पूर्ण वाळू द्या. मग डोळे मिटूनही वाट सापडते. इथेही मध्यावर बोट उचलू नका. त्याच वाटेने परत आणा.